बनियनचा हक्क

१२ मे २०२५, सोमवार

खाणवाले ओढ्याला भिडणार! ग्लिननं सांगितलं, कुंपणावरून. शेजारचा म्हातारा, जन्मभर याच खाणीत दगड फोडले. त्यानं हातांनी आधी खड्डा दाखवला, मग पाणी दाखवलं, मग ते पाणी खड्ड्यात ओतून दाखवलं. त्याचं इंग्रजी मला समजत नाही, माझं त्याला. म्हणून तर आमचं कधी भांडण होत नाही.

फोनबाई, लिहून घेतेयस ना? लाल खूण दाबायची आणि बोलत सुटायचं, तारीख तू आपणहून घालतेस. मला अक्षर येत नाही, तेव्हा तू काय लिहिलंस ते कोणी तपासणार नाही. मजा आहे तुझी.

तर — खाण आणि ओढा यांच्यामध्ये झुडपांचा एक पट्टा आहे. त्यात माझे मेथीचे वाफे. माझ्या मुलानं, राजीवनं, घरामागं सगळी फरशी घातलीय. डॉक्टर ना, मातीला घाबरतो. मग मी पेरू कुठं? न्हाणीत? पट्टा खाणवाल्यांचाच, पण त्यांनी तिकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. मी मात्र इथं आले त्या वर्षापासून पेरते. मेथी आता बोटभर आलीय.

१५ मे, गुरुवार

तनिषानं जेवताना समजावलं. माझी नात, कार्डिफमध्ये वकिली करते. कौन्सिलचा नवा नियम आलाय — ओढ्याच्या काठाला जमीन मोकळी सोडायची, तिथं खणायचं नाही. त्या मोकळ्या जमिनीला बफर म्हणायचं. पण नियमाच्या आधीच ज्यानं जिथं खणायला सुरुवात केली, त्याचा तिथला हक्क शाबूत.

“त्याला व्हेस्टेड राइट म्हणतात, आजी.”

“म्हणजे बनियनचा हक्क?”

आता इथं बनियनला व्हेस्टच म्हणतात. राजीवच्या सगळ्या व्हेस्टांच्या घड्या मीच करते.

“आजी! ही जोक नाहीये!” पोरगी कोर्टात फाडफाड बोलते, पण मराठीत हा-ही-हे सगळे एकाच पिशवीत कोंबते.

पण माझं काय चुकलं? बनियन आधी अंगात गेलेला असतो. वरून नियमांचे कितीही शर्ट चढवा, तो आत आहे तो आहेच.

वैजयंती — माझी सून — हसली नाही. “आई, उद्या माझी मीटिंग आहे. फोडणी द्यायची तर आधी दार लावा, प्लीज.” स्वयंपाकघरात बनियनचा हक्क तिचा. मी नियमानंतर आलेली.

१६ मे, शुक्रवार

गुडघा काहीतरी बोलतोय. मी ऐकत नाही.

२ जून, सोमवार

हसू की रडू!

कंपनीनं कौन्सिलला पुरावा दिलाय. नियम यायच्या आधीच्या एप्रिलमधला फोटो, आकाशातून काढलेला. म्हणे, बघा, पट्ट्यात आमचं खोदकाम तेव्हाच सुरू होतं, सबब हक्क आमचा. तनिषानं लॅपटॉपवर दाखवला. उकरलेली माती. सरळ सरळ चर. दगडांची रास. निळं प्लास्टिक.

मी म्हटलं, “थांब गं. मोठं कर.”

ते चर नव्हेत, माझे वाफे! रास कसली, मी वेचून घातलेला बांध तो. निळं ते माझं थंडीचं प्लास्टिक. आणि मधोमध एक लाल ठिपका. “इथं काय लिहिलंय?”

“मशिनरी,” तनिषा म्हणाली.

मशीन कुठलं, मी आहे ती! लाल स्वेटर घालून वाकलेली. आकाशातून माझं ढुंगण टिपलंय, आणि खाली लिहिलंय यंत्रसामग्री!

तनिषा खुर्चीवरून घसरली. वैजयंतीनं दार लावलं. फोडणी नसताना.

३ जून, मंगळवार

घरात सभा भरली.

राजीव — “आई, ट्रेसपास आहे तो. अर्धं गाव माझे पेशंट आहेत. तू काही बोलू नकोस.”

वैजयंती — “पेपरात येईल, डॉक्टरांची आई घुसखोर! मेथीच हवी ना? स्लाऊच्या इंडियन दुकानातून मागवू, खोकंभर.”

स्लाऊची मेथी! पाकिटात गुदमरून येते बिचारी.

मी अंथरुणावर पडून हिशोब मांडला. गप्प बसले तर खाण येणार, ओढा खड्ड्यात जाणार, वाफेही जाणार. बोलले तर ओढा वाचेल, पण वाफे जातील, चोरून केलेले ना. म्हणजे वाफे गेलेच, कुठूनही धरा. उरला ओढा.

मग सोपं आहे की.

१२ जून, गुरुवार

गावच्या हॉलमध्ये मीटिंग. सगळं गाव लोटलेलं. राजीव मागच्या भिंतीला चिकटून, वैजयंती त्याच्या मागे लपून. उकाडा मरणाचा, तरी मी लाल स्वेटर घालून गेले.

कंपनीच्या टायवाल्या साहेबानं पडद्यावर फोटो लावला, काठीनं लाल ठिपका दाखवला. मी हात वर केला. तनिषा इंग्रजीत सांगायला शेजारी.

“ते मशीन मी आहे.”

तनिषानं सांगितलं. लोक हसले. टायवालाही हसला, गोड. आजीबाईंचा काही गैरसमज झाला असेल, म्हणाला. मी पिशवीतून मेथीची जुडी काढली, तर म्हणतो, ही दुकानातलीही असू शकते. स्लाऊचीच म्हणाला असता, त्याला ठाऊक असतं तर!

कौन्सिलच्या बाईनं विचारलं, “आजी, ती तुम्हीच, हे कसं ओळखायचं?”

मग काय. गेले पुढे. पडद्याशेजारी उभी राहिले, लोकांकडे पाठ केली, आणि वाफ्यात वाकते तशी वाकले.

मग हॉल असा हसला, असा हसला! कौन्सिलच्या बाईनं फायलीत तोंड घातलं. ग्लिन टेबल बडवत होता.

आणि गुडघा अडकला. उठताच येईना! शेवटी एका बाजूनं ग्लिननं धरलं, दुसऱ्या बाजूनं टायवाल्यानं. यंत्रसामग्री कंपनीनंच उचलली.

१३ जून, शुक्रवार

राजीव बोलत नाही. वैजयंतीही नाही. घरात इतकी शांतता की मोहरी तडतडली तरी दचकायला होतं.

४ जुलै, शुक्रवार

ओढा राहिला! कौन्सिलनं ठरवलं, पट्ट्यात खाणीचं काम कधी झालंच नव्हतं. हक्क नाही. बफर लागू.

संध्याकाळी टायवाला स्वतः दारात. म्हटलं, आता बेड्या. तर म्हणाला, तुमची भाजी चालू राहू दे. गाव आमच्यावर हसतंय, निदान प्रेमानं तरी हसेल. अट एकच — पेरत राहायचं. एक वर्ष जरी वाफे पडून राहिले, तर कुंपण घालणार, पुन्हा कोणाला आत सोडणार नाही.

“आजी, आता तो तुझी बनियन आहे,” तनिषा म्हणाली. “पण रोज घालावी लागेल.”

टायवाल्याला मेथीचे पराठे वाढले. दोन खाऊन टाय सैल केला, मग तिसरा मागितला. वैजयंती वरच्या खोलीतून खाली आली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मार्च. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर!

“पुढे ढकल.”

“आई, एनएचएसची, सरकारी तारीख आहे. ढकलली तर बसशील आणखी वर्षभर.”

वैजयंती भांडी पुसत होती. “एक वर्ष नाही पेरलं, तर काय बिघडतं?” म्हणाली.

तिला अट माहीत होती.

९ मार्च २०२६, सोमवार

उद्या गुडघा. डॉक्टर माझ्या नातीएवढी आहे. लाडात येऊन म्हणाली, नवीन बसवू. म्हटलं, जुन्याचा हक्क शाबूत ठेवा.

३ एप्रिल, शुक्रवार

खिडकीतली खुर्ची. काठी. राजीव आता बोलतो, पण डॉक्टरसारखा — “एक पाऊल बाहेर नाही.” तनिषा क्रॉयडनला, केस संपेपर्यंत तिकडेच. ग्लिनची कंबर माझ्या गुडघ्याहून वाईट. त्यानं कुंपणावरून हात पसरले, रिकामे. समजलं.

मेथीचे दाणे डब्यात आहेत, वरच्या फळीवर. जाऊ दे. ओढा आहे. ओढ्यासाठीच तर बोलले होते ना? मग कशाला तोंड कडू करून बसायचं.

११ एप्रिल, शनिवार

माझा लाल स्वेटर दिसत नाही. वैजयंतीला विचारलं. “धुवायला टाकलाय, आई.” माझ्याकडे न बघता.

१२ एप्रिल, रविवार

झुडपांना अजून पालवी नाही, त्यामुळे खिडकीतून थेट ओढ्यापर्यंत दिसतं. पट्ट्यात एक लाल ठिपका आहे. वाकतो, कंबरेवर हात ठेवून उठतो, पुन्हा वाकतो. ओळी सगळ्या वाकड्या.

मी तर इथं खुर्चीत आहे.