पुलावर उलटी चढलेली गाडी

बुधवार, डिसेंबर १९८३, संध्याकाळ

ऐंशी म्हणे! माझा धाकटा भाऊ पास्कू महिनाभर हेच ऐकवतोय. मुंबईतल्या कुठल्याशा गॅरेजात जाऊन आमच्या पिकअपच्या मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शिअलचे गिअर बदलून आणले, आणि आता म्हणे गाडी हायवेला ऐंशीने पळते. पळते ना, रिकामी! इंजिन तेच, त्याचा जोरही तेवढाच. चाक जास्त पळवलं तर ओढायची ताकद कमी होणारच. डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन लांब ढांगा टाकत चढ चढून दाखव म्हणावं! आता तर जागची उठतेसुद्धा म्हशीसारखी.

आज केळी भरली. व्यापाऱ्याचा ट्रक माणिकपूरला थांबलेला, आणि हा शहाणा खाडीच्या पुलावर अर्ध्या चढात अडकला. पहिल्या गिअरमध्येही गाडी पुन्हा पुन्हा बंद. रिव्हर्सला जोर सगळ्यात जास्त, म्हणून शेवटी खाली येऊन गाडी फिरवली आणि पूल उलटा चढलो. चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघालेल्या बायका बघतच राहिल्या. मार्थामावशी ओरडली, "पास्कू, बाजाराला चाललास की घरी?" मी सीटवर खाली सरकून बसलो. ट्रक अर्थातच निघून गेला होता.

आत्ता चहा घेताना सांगितलं, जुने गिअर परत बसव. तर म्हणतो, "दादा, मग ऐंशी कशी जाईल?"

पुन्हा ऐंशी! गिअर काही बदलणार नाही म्हणतो. उलटं जाताना मागचं नीट दिसावं म्हणून उद्या मोठे आरसे बसवून आणणार आहे.