पुन्हा त्याच जागी

मुरबाड, पौष शुद्ध चतुर्दशी

कोपरावरचा सोरायसिसचा चट्टा पुन्हा उठला, त्याच जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलमाने चट्टा जातो, पण कातडीतल्या लढणाऱ्या पेशींना जागा आठवते. त्या तिथेच दबा धरून बसतात. दुसऱ्याला मात्र हे लागत नाही.

सासूबाईंना पटेल तर ना! "म्हसोबाचा कोप हाय. उद्या जत्रेचा निवद तू नको करू गो."

"आत्या, माझ्या हातची भाकरी रोज खाता. तुमाला नाय लागलं, नि देवाला लागंल?"

मी जास्त बोलले का? नाही. देव काय दर साली शोधून त्याच जागी कोपतो? पुरणाची डाळ मीच भिजत घातली.

म्हसोबाराया, राग असेल तर थेट मला कळव. सासूबाईंच्या हाती निरोप नको.