दोन्हीकडे माझंच नाव

सोमवार, ३ जून
दोन महिन्यांनी कामावर. कपाळावरचे टाक्यांचे व्रण दिसू नयेत म्हणून केस पुढे घेतले. माझ्या कॉम्प्युटरवरचा कोड अपघाताच्या आदल्या दिवसाचा. सर्व्हरवरून नवा ओढला, तर लगेच कॉन्फ्लिक्ट. एकच फाइल — माझ्याकडे त्या जागी वेगळ्या ओळी, सर्व्हरवर दुसऱ्याच. ठेवू कोणत्या? रक्तपेढीचा प्रोग्राम आहे. कोणती पिशवी आधी द्यायची ते तो ठरवतो. अंदाजपंचे चालायचं नाही.

मंगळवार, ४ जून
सर्व्हरवरच्या ओळी कोणी लिहिल्या ते पाहिलं. माझं नाव! तारखा १२ ते २२ एप्रिल. तेव्हा मी हॉस्पिटलात होते.
नवऱ्याला विचारलं. "कामाचं डोक्यात आणू नकोस," म्हणाला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागला.

बुधवार, ५ जून
माझा पासवर्ड फक्त गुरुजींना माहीत. शेजारच्या टेबलावर बसतात, सगळ्यांना शिकवतात, म्हणून गुरुजी. विचारलं, "माझ्या नावाने तुम्ही काम केलंत?"
चष्मा पुसत राहिले. "ओळी बरोबर आहेत ना? मग त्याच ठेव."
हे काय उत्तर झालं? चोराच्या मनात चांदणं. साहेबांकडे तक्रार केली.

गुरुवार, ६ जून
गुरुजींना घरी पाठवलं — चौकशी होईपर्यंत. माझ्याकडे न बघता गेले.
मी माझ्या जुन्या ओळी ठेवल्या, नव्या काढल्या. चाचणी लावली. प्रोग्रामने मुदत संपलेली पिशवीच पहिली दिली. पुन्हा लावली, तेच. म्हणजे नव्या ओळींनी माझीच चूक सुधारली होती. निमूटपणे त्या परत घेतल्या. पण मग चोरी कसली?

शुक्रवार, ७ जून
नवऱ्याला गुरुजींचं सांगितलं. तो म्हणाला,
"अगं, ते काम तूच केलंस."
हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, अकरा दिवस. कोणाचं ऐकायचे नाही म्हणे. मग ताप चढला, काम थांबलं. ते दिवस डोक्यातून पुसलेलेच. डॉक्टर म्हणाले होते, तिला इतक्यात सांगू नका, घाबरेल.
एकही दिवस आठवत नाही. तो पलंगसुद्धा नाही.
साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

शनिवार, ८ जून
गुरुजींच्या घरी गेले. माफी मागितली. "तुम्हाला माहीत होतं. नोकरी गेली असती, तरी बोलला नाहीत?"
"तू तिथून रोज फोन करायचीस. 'गुरुजी, कालच्या ओळी कोणी लिहिल्या हो?' मी म्हणायचो, तूच. आणि तू रडायचीस. रोज नव्याने. अकरा वेळा सांगितलं गं. बाराव्यांदा धीर झाला नाही."