खुर्चीबाईंचं पान ठेवावं की काढावं

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (पाय सुजले आहेत असं वहिनीच्या फोनवरून कळलं, म्हणून जरासं बाजूला ठेवून) नमस्कार. तब्येत आता बरी असेल अशी आशा आहे. नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. जन्म हॉस्पिटलात मेट्रन म्हणून गेल्यामुळे तू डॉक्टरांनाच त्यांची झोप, भूक, रक्तदाब विचारत बसतेस आणि तुझं दुखणं सांगायचं राहूनच जातं, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल. हिची पाठ सुधारली, माझी दाढ काढली. दोन्ही गोष्टींचं श्रेय ही स्वतःकडे घेते.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण तुझ्याच जुन्या हॉस्पिटलातली एक बाई आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

मी वाचनालयात संदर्भ विभागात आहे हे तुला ठाऊकच आहे. (कुणी विचारलं की तू 'पुस्तकांच्या दुकानात आहे' असं सांगतेस, तेही मला ठाऊक आहे.) दर शनिवारी दुपारी आमच्या लांब टेबलाभोवती सात-आठ माणसं जमतात आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख लिहितात. पगार नाही, मानधन नाही, घरी कौतुक तर नाहीच नाही. कुणीही कुणावरही लेख लिहू शकतो, त्यामुळे लोक आपल्या साडूवर, दाताच्या डॉक्टरवर आणि स्वतःवर लेख लिहितात. मग त्या माणसाची चरित्र लिहिण्याएवढी योग्यता आहे का, यावर आठवडाभर चर्चा होते. 'ठेवावे' म्हणणारे आणि 'काढावे' म्हणणारे एकमेकांवर तुटून पडतात आणि शेवटी निकाल लिहायचं काम माझ्याकडे येतं. मी सगळ्यांत शहाणा म्हणून नव्हे, तर वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात म्हणून.

तर महिन्यापूर्वी तिथे एक पान उगवलं. 'थोर समाजसेविका' अशी सुरुवात, पुढे 'अत्यंत गरीब कुटुंबात जन्म', पुढे 'दीनदुबळ्यांची माउली', आणि संपलं. कुणा टोपणनावाच्या माणसाने लिहिलेलं. ही माउली म्हणजे तुमच्या हॉस्पिटलातल्या चादरींच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई. गावात त्यांना खुर्चीबाई म्हणतात. रुग्णाच्या प्रत्येक खाटेशेजारी नातेवाइकासाठी एक खुर्ची असावी, एवढ्या एका मागणीसाठी या बाई तेरा वर्षं साहेबलोकांच्या कचेऱ्यांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, फलक नाही. साहेब 'बसा' म्हणाले की या म्हणायच्या, "वॉर्डात सगळे बसले की बसते." आज आपल्याकडच्या प्रत्येक सरकारी हॉस्पिटलात खाटेजवळ खुर्ची आहे ती त्यामुळे. बाबा शेवटचे अकरा दिवस तिथे होते तेव्हा मी ज्या लोखंडी खुर्चीवर बसून होतो, ती कुठून आली असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खुर्ची म्हणजे असायचीच, असं माणूस धरून चालतो.

आता हे मी निकालात लिहू शकत नाही. आमच्याकडे स्वतःचा अनुभव पुरावा म्हणून चालत नाही. कुठेतरी छापून आलेलं लागतं, तेही तिऱ्हाइताने छापलेलं, आणि ओझरतं नव्हे तर भरीव. या नियमाचे राखणदार म्हणजे आमचे पुरावेशास्त्री. जन्मभर कोर्टात लघुलेखक होते. स्वतःच्या लग्नाबद्दलही 'असे सांगण्यात येते की' असं बोलणारा हा गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी पानावर 'काढावे' असा शेरा मारला. माणूस वाईट नाही, आत्या. फक्त त्यांना चांगुलपणाची रीतसर प्रत लागते.

मी म्हटलं, शोधू. तळघरात उतरून जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढले. चार दिवस शिंकलो. (ही म्हणाली, बायकांच्या चरित्रासाठी एवढी धूळ खाल्लीस, माझ्या कपाटाची कधी झाडली नाहीस.) शेवटी बातमी सापडली. मोठ्ठा मथळा, खुर्च्यांचं उद्घाटन, अधीक्षकांचं भाषण, पाहुण्यांची नावं त्यांच्या पदव्यांसकट, फीत कोणत्या रंगाची होती तेसुद्धा. शेवटी एक ओळ: 'याप्रसंगी काही महिला कर्मचारीही उपस्थित होत्या.' फोटोत नऊ पुरुष खुर्च्यांवर बसलेले आणि डाव्या कडेला एक कोपर. ते कोपर बाईंचं, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. पुरावेशास्त्रींनी भिंग लावून ते कोपर तपासलं आणि खिन्नपणे म्हणाले, "कोपर हा भरीव उल्लेख धरता येणार नाही."

मग मी बाईंच्याच घरी गेलो. म्हटलं, कात्रणं असतील, एखादं मानपत्र असेल. दोन खोल्या, शिवणयंत्र, खिडकीत वाळत घातलेले मोजे. पंच्याहत्तरीच्या असतील, पण सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात. मी पान दाखवलं. चष्मा लावून शब्दन्‌शब्द वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं? आणि कुणाला विचारून?" मी म्हटलं, तिथे विचारायची पद्धत नाही. "अत्यंत गरीब? माझे वडील मालगोदामात हेडक्लार्क होते. आमच्या घरात दोन छत्र्या होत्या!" मी म्हटलं, दुरुस्त करू. "दुरुस्त नको. काढून टाका."

आता आली का पंचाईत! मी त्यांना समजावलं की पान तुमच्या म्हणण्यावर राहत नाही की जात नाही. तुम्ही पुरेशा मोठ्या आहात की नाही यावर ते ठरतं. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. (तू बिछान्याची चादर पाहून नवीन नर्सकडे पाहायचीस म्हणे, अगदी तसं.) "म्हणजे मी मोठी नाही हे मीच पटवून द्यायचं?"

"तसंच काहीसं."

"मग येते शनिवारी," म्हणाल्या.

आल्या. लांब टेबलापाशी उभ्या राहिल्या. मी खुर्ची ओढली. "पान निघालं की बसते," म्हणाल्या. मी हसलो. आत्या, मी हसलो! तेरा वर्षं उभं राहून ज्या बाईने सरकारला वाकवलं, तिच्यासमोर मी एक संदर्भ विभागाचा माणूस, दाढ काढलेला. त्या दिवशी तीन तास उभ्या. सोमवारी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर. मंगळवारी वाचकांना लाज वाटू लागली. एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन उठले आणि उभ्यानेच वाचू लागले. मग त्यांच्या शेजारचे. मग परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली. दुपारी पाहतो तो अख्ख्या वाचन कक्षात खुर्च्या रिकाम्या आणि माणसं उभी, जणू कुठलं राष्ट्रगीत संपायचंच नाव घेत नाही. ग्रंथपाल बाहेर येऊन विचारू लागले की कुणी वारलं का. सगळ्यांत हाल पुरावेशास्त्रींचे. गुडघे गेलेले, पण बाई उभी असताना बसायचं कसं, म्हणून कपाटाला टेकून तेही उभे. दोघांचं बोलणं मात्र छान जुळलं. 'माझी काहीच योग्यता नाही' असं त्या म्हणायच्या आणि 'मी तर पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय' असं हे आनंदाने म्हणायचे. आपल्या बाजूची व्यक्ती त्यांना आयुष्यात प्रथमच भेटली होती.

बुधवारी त्या अभ्यास करणाऱ्या मुलींपैकी एकीची मोठी बहीण आली. ती वार्ताहर. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बातमी: 'चरित्र नको म्हणून कार्यकर्ती उभी.' ती वाचून राजधानीतल्या मोठ्या दैनिकाने फोन केला. रविवारी अर्धं पान! चादरींची खोली, तेरा वर्षं, फेटाळलेल्या अर्जांचे आकडे, निवृत्त अधीक्षकांची मुलाखत (त्यांनी कबूल केलं की फीत त्यांनी कापली, पण खुर्च्या बाईंच्या), आणि फोटो. या खेपेला कोपरासकट सगळ्या बाई.

पुरावेशास्त्रींनी ते पान तीनदा वाचलं. तिऱ्हाइताने छापलेलं, भरीव, एक सोडून दोन ठिकाणी. बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. चर्चेत गेले आणि लिहिलं: 'ठेवावे. नाइलाज आहे.' आपल्याला चरित्र नको म्हणून बाई उभ्या राहिल्या आणि त्यामुळेच चरित्राला लायक ठरल्या. हे त्यांना सांगायचं कुणी? ज्याच्याकडे किल्ल्या त्याने.

मी सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी पर्समधून घडीचा कागद काढून टेबलावर ठेवला. पहिल्या अर्जाची प्रत. खाली अकरा सह्या, त्यातले चार अंगठे. म्हणाल्या, "ही धोब्याची बायको, ही स्वयंपाकघरातली, ही झाडूवाली. यातल्या सात गेल्या. उभी मी राहायचे, पण माझं काम या करायच्या, माझी गैरहजेरी लागू नये म्हणून. तेरा वर्षं दुसऱ्याच्या चादरी शिवल्या यांनी. आणि तुम्ही लिहिणार, एकटीने केलं. ते खोटं आहे हो."

आत्या, कक्षात पन्नास माणसं होती. तोडगा सुचला तो पुरावेशास्त्रींना. घसा साफ करून म्हणाले, की नियमात एक तरतूद आहे. व्यक्तीऐवजी घटनेवर लेख करता येतो. मथळा बाईंच्या नावाचा नको, 'खाटेशेजारी खुर्ची' असा ठेवावा. आणि त्या वार्ताहर मुलीने हा अर्ज सह्यांसकट छापला, तर अकराही नावं संदर्भासहित घालता येतील. हे सगळं ते एका दमात आणि एकदाही 'असे सांगण्यात येते' न म्हणता बोलले.

मुलीने छापला. नावं लागली. चार अंगठ्यांपुढेसुद्धा नावं आहेत, कारण बाईंना सगळी पाठ. मी निकाल लिहिला, पान उघडून बाईंपुढे धरलं. त्यांनी बोट फिरवत अकराही नावं मोजली, 'हेडक्लार्क' नीट लिहिलंय ना ते पाहिलं, आणि मग खुर्ची ओढून बसल्या. आम्ही सगळेच बसलो. पुरावेशास्त्री तर असे बसले की त्यांना उठवायला दोघे लागले.

असो. पत्र फार लांबलं. पाय उशीवर ठेवून झोपत जा. सगळ्या लहानथोरांना आमचे यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद सांग.

तुझा,
पुस्तकांच्या दुकानातला भाचा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. (राहिली नाही, हिंमत झाली नाही.) त्या मोठ्या दैनिकात अधीक्षकांनी असंही सांगितलं आहे की पहिला अर्ज तत्कालीन मेट्रनने 'वॉर्ड म्हणजे बैठकीची खोली नव्हे' असा शेरा मारून फेटाळला. ते वाक्य संदर्भासकट लेखात गेलं आहे. तुझं नाव नाही, पण तत्कालीन मेट्रन तू एकटीच होतीस. मी ते काढू शकत नाही. नात्यातल्या माणसाबद्दलच्या मजकुराला नात्यातल्याने हात लावायचा नाही, असा नियम आहे. पुरावेशास्त्रींनी तो मला न विचारता वाचून दाखवला.

ता. क. दुसरा. निघताना खुर्चीबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, अर्ज फेटाळला त्याच आठवड्यात चौदा नंबरच्या खाटेपाशी एक आई तीन दिवस उभी होती, आणि मेट्रनबाईंनी खुर्चीबाईंनाच बोलावून आपल्या खोलीतली वेताची खुर्ची एका बाजूने धरायला लावली. दोघींनी ती उचलून चौदा नंबरला नेली. त्यानंतर दोन वर्षं मेट्रनबाई सगळी कागदपत्रं उभ्याने लिहायच्या आणि कुणी विचारलं तर खुर्ची दुरुस्तीला गेली आहे म्हणायच्या. आत्या, हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस. बाबांनाही नाही. कुठेच छापलेलं नसल्यामुळे ते मला लिहिता येत नाही. ती वार्ताहर मुलगी गुरुवारी दुपारी तुझ्याकडे यायला तयार आहे. तिला एकदा सांगशील का? एवढंच विचारायला हे सगळं पत्र लिहिलं.

ता. क. शेवटचा. खुर्चीबाईंचा निरोप आहे: मेट्रनबाईंना सांगा, त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगायचा. तेव्हा त्या साहेब होत्या, म्हणून बोलले नाही.