तिसऱ्या वेळचा गुडघा

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही. माझ्या गुडघ्याची. तुम्ही म्हणाल, त्या गुडघ्याचं मला काय नवीन सांगतोस, आणि तेही बरोबरच. गुडघा माझा होता, पण त्याचा अभ्यास तुमचाच जास्त.

पहिल्यांदा लिगामेंट तुटलं तेव्हा क्लबकडून फुटबॉल खेळायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. ऑपरेशननंतर तुम्ही रजा टाकून माझ्याबरोबर नौपाड्याला फिजिओकडे यायचात आणि तो सांगेल तो व्यायाम कागदावर उतरवून घ्यायचात. पायाला बांधायची वजनं दुकानात मिळत होती, पण तुमचा स्वभाव. कंपनीच्या जुन्या खाकी पँटचे पाय कापून तुम्ही हाताने पिशव्या शिवल्या आणि त्यात वाळू भरली. बाळकुमच्या आपल्या खोल्यांत पाय लांब करायला जागा फक्त स्वयंपाकघरात. मी फरशीवर आडवा, तुम्ही पाटावर बसून आकडे मोजताय, आई मला ओलांडून डब्यांपर्यंत जातेय आणि म्हणतेय, हे घर आहे की दवाखाना. पंचविसाला मी पाय टाकला की तुम्ही म्हणायचात, "तीस सांगितलेत." मला तुमचा राग यायचा. पण मी परत उभा राहिलो, दीड सीझन खेळलो, आणि मग तोच गुडघा पुन्हा गेला. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ती फरशी.

तिसऱ्या वेळी मात्र काही तुटलं नव्हतं. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती. सरावात एकजण चेंडूसाठी अंगावर आला आणि मी पाय मागे घेतला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवड्याभराने मी सांगून टाकलं की गुडघा दुखतोय, आणि क्लबने पुढचा करार केला नाही. नशिबाने पोराचा घात केला, असं तुम्ही अख्ख्या चाळीला सांगितलंत.

शेजारच्या काकांनी तेवढं ऐकून घेतलं नाही. वीस वर्षं तुम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून कोलशेतच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचात, म्हणून त्यांनी चहा पिताना सरळच सांगितलं, "अरे, गुडघा बरा झालाय त्याचा. पोरगा घाबरलाय." तुम्ही कप खाली ठेवलात. "माझ्या पोराला भित्रा म्हणायचं नाही." मी आतच होतो. बाहेर येऊन एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. आपलंच नाणं खोटं आहे हे तुम्हाला कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही कोलशेतला चालत जायला लागलात. शेवटपर्यंत त्या माणसाशी बोलला नाहीत. तुम्हाला खांदा द्यायला पहिले तेच पुढे आले. मला अजून त्याची लाज वाटते.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे. आई डोंबिवलीला ताईकडे असते, मी इथे एकटा. ऑफिसातून आलो की टीव्हीवर मॅच लावतो आणि आवाज बंद करून बघत बसतो. काका खाली बाकावर असतात, फार थकलेत. मला बघून विचारतात, "गुडघा काय म्हणतोय?" मी म्हणतो, दुखतो अधूनमधून. ते मान हलवतात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. खरं तर हे त्यांना सांगायला हवं, चार मजले उतरलं की ते आहेतच. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.