ऑस्ट्रेलियाचा वाद, अल कुसैसमध्ये

बाई, शाळेत सगळ्यांसारखी मीही तुम्हाला मॅमच म्हणायचे. जिन्यात किंवा बसपाशी आपण दोघीच असलो की तुम्ही मराठीत बोलायचात आणि माझ्या तोंडून आपोआप बाई यायचं. आज तेच म्हणते. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अलीकडे मनातल्या मनात तुमच्याशी फार बोलणं होतं. विषयही तोच, अकरावीत तुम्हीच दिलेला.

ते मंदीचं वर्ष. हिवाळ्याची सुट्टी संपून दुबईतल्या अल कुसैसची आपली शाळा उघडली तेव्हा आमच्या कॉमर्सच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली होती. कुणी सांगून जात नव्हतं. रविवारी शेजारी बसलेली मुलगी आठवडा संपायच्या आत हैदराबादला पोचलेली असायची, मग कुणीतरी हळूच म्हणायचं, तिच्या पप्पांची नोकरी खलास झाली. हजेरी घेताना तुम्ही त्या नावापाशी जरा थांबायचात आणि पुढे जायचात. एक दिवस मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, की अशा वेळी सरकारने लोकांना काही द्यायला नको का? तुम्ही खडू खाली ठेवलात. ज्या देशात आपण पाहुणे आहोत त्याच्या कारभारावर वर्गात बोलायचं नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि आम्हालाही. भारताचं काढलं असतं तर घराघरांतली पक्षांची भांडणं वर्गात आली असती. तुम्ही भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलंत आणि म्हणालात, "ऑस्ट्रेलिया घेऊ या. तिथे सध्या हाच वाद चाललाय."

तिथल्या सरकारने मंदीला तोंड द्यायला लोकांच्या खात्यांत थेट पैसे टाकले होते. एक बाजू म्हणत होती, लोकांनी खर्च केला तर दुकानं चालतील, नोकऱ्या टिकतील. दुसरी म्हणत होती, हे कर्ज उद्या आपल्याच मुलांना फेडायचंय, आणि असा आलेला पैसा टीव्ही नाहीतर जुगारात जातो. तिथल्या पेपरांतले लेख तुम्ही प्रिंट काढून आणलेत. वर्ष संपायच्या आधी पालकांसमोर डिबेट घ्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला आलं की सरकारने पैसे वाटू नयेत.

त्याच आठवड्यात बाबांची नोकरी गेली. ते एका इंटिरियरच्या कंपनीत एस्टिमेटर होते, हॉटेलं आणि ऑफिसं आतून सजवायला किती खर्च येईल ते काढायचे. नवीन काही बांधलंच जात नव्हतं, तर खर्च कशाचा काढणार? एका महिन्यात दुसऱ्या नोकरीचा व्हिसा मिळाला नाही तर आम्हाला पुण्याला परतावं लागणार होतं. तोवर करामा भागातल्या आमच्या फ्लॅटचं भाडं चालूच होतं. आई दुकानातही दिरहॅमचे रुपये करून मोठ्याने बोलायला लागली होती, आणि टोमॅटो परत ठेवून द्यायची. बाबा मात्र रोज वेळेवर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, साइटवर चाललोय.

मी स्टाफरूमच्या दाराशी येऊन तुम्हाला म्हटलं, मला बाजू बदलून द्या. कारण सांगितलं नाही, पण तुम्हाला ते आधीच कळलं होतं. तुम्ही वह्यांवरून मान वर केलीत. "नाही बदलणार," म्हणालात. "तुला राग आलाय ते दिसतंय मला. पण ज्याला गरज आहे त्याला नाही म्हणणारा माणूस काय विचार करतो, ते एकदा त्याच्या जागी उभं राहून बघ. नाहीतर जन्मभर नुसती चिडत राहशील." मी रडायला लागले. तुम्ही रुमाल दिला नाहीत, जवळ घेतलं नाहीत. "शुक्रवारी सकाळी घरी ये," एवढंच म्हणालात. त्या दिवशी तुम्ही मला अजिबात आवडला नव्हतात.

तुमचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. शुक्रवारी मी येते तेव्हा तुम्ही थालीपिठं लावताय. खिडकी उघडी आहे, खालच्या हॉटेलातून सांबाराचा वास वर येतोय, आणि मी ओट्याला टेकून भाषणाचा कागद धरून उभी आहे. मी वाचायला लागते, तर तुम्ही पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळता. "कागद ठेव खाली. मी बेकार आहे असं समज. नवरा आजारी, मुलगा लहान. मला पैसे का देऊ नयेत, ते माझ्याकडे बघून सांग. यल्ला, चल." मी पहिलं वाक्य म्हणते, की फुकटच्या पैशाने माणसं आळशी होतात. म्हणता म्हणता माझी नजर तव्यावर जाते. "बघून म्हणता येत नाही ना? मग ते खोटं असणार. खोडून टाक." असं एकेक वाक्य चाललं. टीव्ही गेला, जुगार गेला, आळस गेला. थालीपिठं संपली तेव्हा माझ्याकडे जेमतेम अर्धं पान उरलं होतं, पण ते मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणू शकत होते. सगळ्यांना सारखे पैसे वाटले तर ज्यांना नको त्यांनाही जातात. थोड्यांना द्या, पण उभं राहीपर्यंत द्या. आणि आज जे कर्ज काढाल ते फेडणाऱ्याला आत्ता मत नाही, कारण तो अजून अकरावीत आहे.

गुरुवारी दुपारी हॉल भरला होता. आई एकटीच येईल असं मला वाटलं होतं, पण दोघंही आली. बाबा इस्त्रीच्या शर्टात, कडेच्या खुर्चीवर. माझ्यासमोर आमच्याच वर्गातला केरळचा एक मुलगा होता, मोजून मापून बोलणारा. दुकानाचं शटर एकदा खाली आलं की ते वर न्यायला दुप्पट जोर लागतो, म्हणून सरकारने ते खाली येऊच देऊ नये, असं तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. मग मी बोलले. हॉलमध्ये कुणाकडे तरी बघून बोलायला हवं म्हणून मी बाबांकडे बघितलं आणि शेवटपर्यंत नजर हलवली नाही. मलाही टाळ्या पडल्या. बाबांनी वाजवल्या की नाही ते दिसलं नाही.

मग तुम्ही पालकांना प्रश्न विचारायला सांगितलंत आणि बाबा उभे राहिले. हॉलमध्ये सगळीकडची माणसं, म्हणून ते हिंदीत बोलले. मुलीने बरोबर सांगितलं, म्हणाले, माणसाने स्वतःची तयारी ठेवायला हवी. मी ठेवली होती. मग मध्येच थांबले आणि आईकडे बघितलं. "मेरी नौकरी जा चुकी है," म्हणाले. सरकारने द्यावं की नाही, ते त्या देशाचं सरकार बघेल. पण तोपर्यंत माणसाने हे सांगायचं कुणाला? मी बिल्डिंगमध्येसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. आणि खाली बसले.

आईने पदर सारखा केला आणि खुर्ची सरकवून त्यांच्या आणखी जवळ बसली. मागून एक सरदारजी म्हणाले, "मेरी भी गई, भाईसाब." मग एका बाईंनी नुसताच हात वर केला. त्यांच्यामागे आणखी एकाने केला. तुमच्या हातात निकालाचा कागद होता. तुम्ही तो घडी करून पर्समध्ये टाकलात आणि शिपायाला म्हणालात, "चाय अभी ले आओ." निकाल काय होता, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्या चहाच्या वेळी जे झालं ते मी अजून विसरत नाही. खुर्च्या सोडून माणसं घोळक्याने उभी राहिली आणि कधी नव्हे ती खरं बोलायला लागली. कुठल्या कंपनीत अजून भरती आहे, कोण व्हिसा देतं, बायकामुलांना परत पाठवून एकट्याने बेडस्पेसमध्ये, खोलीतली नुसती खाट भाड्याने घेऊन, राहिलं तर जमतं का. माझ्याविरुद्ध बोललेल्या मुलाचे वडील समोसा हातात घेऊन बाबांकडे आले. त्यांच्या मेव्हण्याचं दुबईपलीकडे अजमानला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप होतं आणि खर्च काढणारा माणूस त्याला हवा होता. पगार निम्म्याच्या आसपास, ते आधीच सांगतो, म्हणाले, पण व्हिसा होईल, इन्शाल्ला. घरी जाताना गाडीत बाबा मला म्हणाले, "चांगली बोललीस. राग नाही आला असं नाही. तुला उत्तर द्यायलाच उठलो होतो, उभा राहिल्यावर दुसरंच आलं तोंडात."

आम्ही अजमानला गेलो. घर लहान, शाळेची बस लांबची, पण भाडं झेपणारं. पुढच्या वर्षी मुलं कमी झाली म्हणून शाळेने दोन तुकड्यांची एक केली आणि इकॉनॉमिक्सला एकच टीचर ठेवली. ती तुम्ही नव्हतात. नाशिकला परत जायच्या आधी तुम्ही तुमचं जेवणाचं टेबल आम्हाला दिलंत. बाबा आणि मी न्यायला आलो होतो, तेव्हा मी विचारलं, तुमचं स्वतःचं मत कुठल्या बाजूचं? तुम्ही टेबलाचे पाय सोडवत होतात. "मी सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस," म्हणालात, "प्रश्नाशी नाही." दोनेक वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणीचा मेसेज आला, तुम्ही गेल्याचा. मी तेव्हा कॉलेजातून येत होते. बस अजमानला पोचली तरी उतरायचं भान राहिलं नाही.

आता मी अल कुसैसलाच राहते. नवरा आहे, मुलगी आहे, आईबाबा आमच्याकडे असतात. धाकटा भाऊ मेलबर्नला नोकरी करतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो तिथलं भाडं, विजेचं बिल, भाजीचे भाव सांगतो, आणि सरकारने बिलात सूट दिली ती पुरेशी की उधळपट्टी, यावर त्याची आणि बाबांची जुंपते. गंमत म्हणजे बाबा आता तुम्ही मला दिलेल्या बाजूने बोलतात. "Baba, you have no idea what rent is here," तो म्हणतो. आई म्हणते, दोघांपैकी एकालाही तिथे मत नाही, जेवून घ्या. माझी मुलगी विचारते, "Who's winning?"

आणि इथेही बदललंय, बाई. आता पगारदार माणसांना नोकरी जाण्याचा विमा काढावा लागतो. वर्षाला अगदी थोडं भरायचं, आणि नोकरी गेली तर काही महिने पगाराचा काही भाग मिळतो. तो सुरू झाला तेव्हा मी एका कंपनीत एचआरला होते. सगळ्यांना बसवून मीच समजावलं. स्टोअरमधला एकजण म्हणाला, माझी नोकरी जाणारच नाही, मी का भरू? मी त्याला उडवून लावलं नाही. त्याचं म्हणणं आधी नीट मांडून दाखवलं, मगच उत्तर दिलं. तो हसला आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही नक्की कुणाकडून आहात?

गेल्या वर्षी आमचं ऑफिस दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि माझीच नोकरी गेली. त्याच संध्याकाळी जेवायला बसल्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. कुणी दचकलं नाही. बाबांनी वरण वाढून घेतलं आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या क्लेम टाक. आणि खालच्या मजल्यावरच्यांना सांग, तो माणूस दहा ऑफिसांत जातो." कुणी बांधाबांध केली नाही, मुलीची शाळा सुटली नाही. खालच्या शेजाऱ्यांनीच सांगितलेल्या एका क्लिनिकच्या ऑफिसात मी पुढच्या सोमवारी रुजू होते आहे. पगार जवळजवळ पहिल्याइतकाच आहे.

हे लिहून पाठवायचं ठरवून तुमच्या मुलाचा नंबर मिळवला होता. पण त्याला यातलं काय कळणार, म्हणून राहू देते. फक्त तुम्हाला एक सांगते, घरी कुणाला सांगितलेलं नाही. विम्याचा पहिला हप्ता खात्यात आला त्या दिवशी मी तो आनंदाने घेतला, त्यातून मुलीचे बूट आणले, आणि घरी येताना मेट्रोत उभी राहून माझं ते अर्ध्या पानाचं भाषण मनात म्हणून बघितलं. सगळं आठवलं. आणि बाई, मला ते अजूनही पटतं.