अठरा नंबरची तार

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (वाकलं की रक्त तोंडात उतरतं आणि दात ठणकतात, तेव्हा आज अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून तू त्यांना बाहेरच्या खोलीत झोपवतेस? इकडे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे मी सोडून. माझे गाल आतून सोलले आहेत, डोकं तापलेलं आहे आणि भांडायला घरात कोणी मोकळं नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या सुट्टीत आलीस तेव्हा आमच्या कन्यारत्नाची हनुवटी धरून तू म्हणालीस, "हसलीस की अगदी बापावर जातेस गं!" तू लाडाने म्हणालीस, मी ऐकून फुगलो, आणि त्या दिवसापासून पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली. पुढे पुढे तर हसेनाच. वर्गाच्या फोटोत सगळ्या मुली खिदळतायत आणि ही मधोमध ओठ मिटून उभी, जणू फोटोवाल्याने हिचं काहीतरी चोरलंय. तुझा दोष नाही. म्हणजे आहेच, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला? दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारा लावू, दीड वर्षात दात रांगेत येतील. पोरगी ऐकेना. तिच्या आईने तिच्यापुढे दाताच्या कण्या केल्या. शेवटी पोरीने अट घातली की बाबांचे दात माझ्याहून वाकडे आहेत, तेव्हा आधी त्यांनी लावायच्या, दरवेळी आधी त्यांनी, मग मी. आणि मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, बायकोच्या एका नजरेसरशी हो म्हणून बसलो!

आता माझ्या दातांचा इतिहास तुला ठाऊक आहे. गेली सव्वीस वर्षं जळक्या मोटरींत नवी तार भरतोय आणि तेवढीच वर्षं वायर दातांनी सोलतोय. (दुकानात वायर सोलायच्या तीन पकडी आहेत. हाताशी असते ती चौथी.) ज्या दातांनी जन्मभर तारा सोलल्या त्याच दातांना तारेने बांधून घालायचं, हा उलटा न्याय आधीच मला पसंत नव्हता. तरी पहिली बारीक तार मी निमूट सोसली. पोरीनेही सोसली. हे लोक दर काही आठवड्यांनी तार बदलून जरा जाड घालतात, म्हणजे दात भानावर येतात म्हणे. इथवर माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे आणि ती आकड्यांची आहे.

परवा सोमवारी खुर्चीत आडवा पडलो. तोंडात दोन आरसे, एक नळी, वर भगभगता दिवा. बाई मदतनीस मुलीला म्हणाल्या, "चौदा काढ, आता सोळा देऊ, पुढच्या खेपेला अठरा." हे ऐकून मला हर्ष झाला गं! कारण आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल, तारेचा नंबर चढला की तार बारीक. चौदा नंबर म्हणजे दोरखंड, अठरा त्याहून बारीक, छत्तीस म्हणजे निव्वळ केस. मला वाटलं, चला, बाईंना दया आली. नळी बाजूला सारून मी म्हणालो, सोळा कशाला, एकदम अठराच घाला की! बाई थांबल्या. जागा झाली आहे, बसेल तशी, पण झेपेल का तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, झेपेल म्हणजे काय? बावीस असेल तर तीही काढा! त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की तसं आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाहिलेलं नाही. मदतनीस मुलगी तर म्हणाली, "काका, तुम्ही धीराचे आहात हं." मी मान डोलावली. हात दाखवून अवलक्षण लोक करतात, मी दात दाखवून केलं.

तार खाचेत बसवून त्यांनी आवळली तेव्हा मला आपले सगळे पूर्वज ओळीने दिसले. उठून बसल्यावर मी विचारलं, अठरा नंबर इतकी जाड कशी? बाई शांतपणे म्हणाल्या, आकडा जाडीचा असतो, इंचाचे अठरा हजारावे भाग. आकडा मोठा, तार मोठी. हे काय शहाणपण झालं? जगभरचे वायंडर एका दिशेने मोजतात आणि हे दातवाले दुसऱ्या! एवढी उलटी गोष्ट दारावर पाटी लावून सांगायला नको? मी जुनी तार पुडीत बांधून दुकानात आणली, मायक्रोमीटरवर धरली. बरोब्बर चौदा हजारांश. लबाडी सापडली असती तर निदान भांडता आलं असतं. वर संताप असा की आमच्या तक्त्यात ही नवी तार सव्वीस नंबर भरते. सव्वीस नंबर! असल्या तारेची मी किलोकिलोने वेटोळी घातली, तिच्यात एवढा राग साठलेला असेल असं वाटलं नव्हतं.

आणि सगळ्यात मोठा जुलूम घरी. संताप आला तरी दातओठ खायची सोय नाही, आणि कण्हायचीही नाही, कारण पुढच्या आठवड्यात गुरुवारी पोरीची तार बदलायची आहे. ती जेवताना माझ्या तोंडाकडे टक लावून असते. "बाबा, दुखतंय?" "छे!" म्हणालो आणि ते सिद्ध करायला टोस्टचा तुकडा मोडला. डोळ्यांत पाणी आलं ते मिरीवर ढकललं. (टोस्टवर मिरी नव्हती, जॅम होता.) दुकानात येऊन भरलेली मोटर टेबलावर चालू केली आणि तिच्या आवाजात पोटभर ओरडून घेतलं. शेजारचा शिंपी दोनदा विचारून गेला की मोटरीचं बेअरिंग गेलंय का. माझं झालं ते झालं, पण पोरीने एकदा जरी "आई गं" म्हटलं तर मला खपणार नाही. त्या क्षणी पक्कड घेऊन दोघांच्याही तारा तोडून टाकतो, असं तिच्या आईला बजावून ठेवलंय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, सध्या तारेवरचा,
धाकटा भाऊ

ता. क. खरं काम राहिलंच. पोरगी गुरुवारच्या आत तुला फोन करणार, कारण तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तिला सांग, बाबाचं चार पानी पत्र आलं आणि त्यात तारेचा साधा उल्लेखही नव्हता. एवढं खोटं माझ्यासाठी बोल.

पुन्हा ता. क. पत्र दहा दिवस दुकानात वेटोळ्यांखाली राहिलं, आज शनिवार. वरचं काम रद्द. पोरीची जाड तार बसली आणि तिला काहीही झालं नाही! मी दारातच पक्कड घेऊन उभा होतो. "दुखतंय?" तर म्हणाली, "कळतसुद्धा नाही, बाबा," आणि गुणगुणत खोलीत गेली. म्हणजे सगळं दुखणं माझ्याच वाट्याला! बाईंना याचा जाब विचारणार आहे.

आत्या, पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला बाबांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी वाचलं. खूप दुखतं गं. दोन दिवस मी फक्त दूध पितेय आणि आईला सांगितलंय की शाळेत खाऊन आले. पण बाबांचं पकडीचं बोलणं मी दाराआडून ऐकलं होतं, आणि मला दात सरळ हवेत. त्यांना काही सांगू नकोस हं. ते फार घाबरतात.